हुद्द्याआधीचा ‘म’

दहिसर हे पश्चिम रेल्वेवरचे मुंबईतले शेवटचे स्टेशन. पुढचे मिरा रोड ठाणे जिल्ह्यात येते आणि तिथून पाचवे विरार, ते पालघर जिल्ह्यात. या पट्ट्यातल्या दोन घरांवर वर्षभराच्या आत आघात झाला. डिसेंबर २०१७ मध्ये विरारचे मेजर प्रसाद महाडिक अरुणाचलात तवांगकडे, चीनच्या सीमेजवळ लागलेल्या आगीत गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये मिरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे काश्मिरात गुरेझ भागात घुसखोरांशी लढताना धारातीर्थी पडले. त्या दिवसांत गौरी महाडिक आणि कनिका राणे ही नावे वर्तमानपत्रांत येत ती एकाच बिरुदासह: वीरपत्नी. पुढे दोघींनी सैन्याधिकारी निवडीचा एसएसबीचा टप्पा पार केला, चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत प्रशिक्षण घेतले, आणि २०२० च्या मार्चमध्ये एक, नोव्हेंबरात दुसरी, अशा दोघी खांद्यावर तारे लावून बाहेर पडल्या. साताऱ्याच्या स्वाती महाडिक यांनी ही वाट आधीच मळवली होती. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या स्वतः लेफ्टनंट झाल्या.

वीरपत्नी म्हटले की ती बाई कुणाची कोण, एवढेच कळते. लेफ्टनंट म्हटले की ती स्वतः कोण, ते कळते. पहिल्या संबोधनात आदर आहे, माया आहे, ते कुणी काढून घेऊ नये. पण गणवेशाची जागा दुसऱ्या संबोधनाची आहे, आणि त्या दुसऱ्याला आपण अजून नीट सरावलेलो नाही. बाईच्या हुद्द्याला आपण काहीतरी पुढे-मागे जोडतोच. महिला, लेडी, बाई, ताई, रणरागिणी. नुसता हुद्दा आपल्या तोंडी बसत नाही.

दहिसरमध्ये लष्करी छावणी नाही. इथल्या माणसाला रोज दिसतो तो खाकी गणवेश, म्हणून सुरुवात तिथून करते. पोलीस दल म्हणजे लष्कर नव्हे, हे खरे. पण सलाम तोच, शिस्त तीच आणि हवालदारासारखा हुद्दाही दोन्हीकडचा. दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे मुंबई पोलीस, पलीकडे १ ऑक्टोबर २०२० पासून मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय. नाक्याच्या दोन्ही बाजूंना लिखापढीची भाषा एकच. राज्यातल्या कुठल्याही ठाण्याची प्रेसनोट काढून पाहा. शेवटी कारवाई करणाऱ्या पथकाची नावे असतात, हुद्द्यांच्या लघुरूपांसह: वपोनि अमुक, सपोनि तमुक, पोउपनि, पोहवा, पोशि. आणि मग मपोशि. हा ‘म’ महिलेचा. पुरुष शिपायाआधी ‘पु’ कुणी लावत नाही. तो नुसताच पोलीस शिपाई. म्हणजे मूळ शिपाई पुरुष आणि बाई त्याचा पोटप्रकार, असे ते एक अक्षर सांगून जाते. हुद्दा चढत जातो तसा हा ‘म’ बहुधा गळत जातो. मीरां चढ्ढा बोरवणकर २०१० मध्ये पुण्याच्या पोलीस आयुक्त झाल्या, रश्मी शुक्ला २०२४ च्या जानेवारीत राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. त्यांना कुणी ‘महिला महासंचालक’ म्हणून सलाम ठोकला नाही. अक्षर चिकटून राहते ते खालच्या पायरीवर, जिथे सर्वांत जास्त बायका काम करतात.

या ‘म’ची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. महिलेला अटक करताना एरवी तिला हात लावायला, आणि तिची झडती घ्यायला, कायद्याने महिला लागते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेच्या अटकेवर तर आणखी कडक बंधने आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती होती आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहेत. तेव्हा पंचनाम्यात, स्टेशन डायरीत महिला पोलीस हजर होती हे नोंदवावेच लागणार. भरतीत ३० टक्के समांतर आरक्षण आहे, त्याचाही हिशेब ठेवावा लागतो. माझा आक्षेप नोंदीला नाही. नोंदीतले अक्षर हाकेत, नावाच्या पाटीवर, कौतुकाच्या पत्रात येऊन बसते, त्याला आहे. चोर पकडणाऱ्या शिपायाने चोर पकडला, एवढे पुरे आहे.

दहिसर-बोरिवलीच्या मैदानांवर पहाटे भरतीची तयारी करणाऱ्या मुली धावताना दिसतात. पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर, मुलांना सोळाशे. गोळा मुलींना चार किलोचा, मुलांना सात किलो दोनशे साठ ग्रॅमचा. शंभर मीटर दोघांना. फक्की मारलेल्या रेषेवर मुली ओणव्या होतात, कुणाच्या पायात स्पाइक्स, कुणाच्या पायात साधे कॅनव्हासचे बूट, आणि शिकवणारा शिट्टी फुंकतो. प्रत्यक्ष मैदानी चाचणीच्या दिवशी या मुलींच्या छातीवर एक क्रमांक लागतो, चेस्ट नंबर. त्या दिवशी नाव नाही, ताई नाही, मॅडम नाही. क्रमांक पुकारला की पुढे यायचे. पळणाऱ्याची वेळ घड्याळ मोजते, आणि ती वेळ त्या क्रमांकापुढे लागते. गणवेश मिळाल्यावर मात्र ‘मॅडम’ सुरू होते.

‘मॅडम’मध्ये वाईट काय, असे कुणी विचारेल. काहीच नाही. शाळेतल्या बाई मॅडम, बँकेतल्या मॅडम, डॉक्टर मॅडम. अडचण अशी की मराठी कानाला ‘साहेब’ हा अधिकाराचा शब्द आहे आणि ‘मॅडम’ हा सौजन्याचा. एखाद्या ठाण्यात ‘साहेब आले’ म्हटले की सगळे उठतात. खाली बसलेला तक्रारदार ‘मोठ्या साहेबांना भेटायचंय’ म्हणतो, आणि मोठे साहेब म्हणजे समोर बसलेल्या बाई आहेत हे कळल्यावर क्षणभर गोंधळतो. त्या गोंधळातूनच ‘मॅडम सर’ असा जोडशब्द निघाला. २०२० साली त्याच नावाची एक हिंदी मालिका आली आणि तीन वर्षे चालली, इतका तो लोकांच्या ओळखीचा झाला. सौजन्य आणि अधिकार हे दोन्ही एका बाईला द्यायचे तर दोन शब्द एकापुढे एक ठेवावे लागले.

सैन्यात हा पेच अधिक जुना. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये आणि छावणीत बाई म्हणजे साहेबाची बायको, मेमसाब. १९४३ मध्ये सिंगापुरात आझाद हिंद फौजेच्या झाशी राणी रेजिमेंटने हा साचा मोडला होता. त्या पलटणीतल्या सैनिकांना ‘राणी’ म्हणत आणि त्यांच्या प्रमुख लक्ष्मी स्वामीनाथन, पुढच्या सहगल, साऱ्या देशाला ‘कॅप्टन लक्ष्मी’ म्हणूनच ठाऊक झाल्या. नवऱ्याचे आडनाव आले, वय झाले, कानपुरात दवाखाना चालवला, राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली, २०१२ मध्ये त्या गेल्या. तरी हुद्दा नावाला चिकटून राहिला. पण स्वतंत्र भारताच्या सैन्यात वैद्यकीय आणि परिचर्या सेवा वगळता अधिकारी म्हणून बायका आल्या त्या १९९२ मध्ये. सिमल्याच्या प्रिया झिंगन यांनी तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल सुनीथ रॉड्रिग्ज यांना थेट पत्र लिहून विचारले होते की मुलींना सैन्य का नाही. त्या सप्टेंबरात पंचवीस जणींची पहिली तुकडी मद्रासच्या अकॅडमीत दाखल झाली आणि मार्च १९९३ मध्ये बाहेर पडली. मुलांना डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत ‘जेंटलमन कॅडेट’ म्हणत. मुलींसाठी मद्रासमध्ये ‘लेडी कॅडेट’ असा नवा शब्द आला. आणि पलटणीत गेल्यावर? समोर गणवेश, खांद्यावर तारे; जवानाच्या तोंडून सवयीने ‘सर’ निघे. कुणी ‘मॅडम’ म्हणे, कुणी ‘साब’.

हे ‘सर’ मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी सर्वोच्च न्यायालयात उलटाच दावा मांडला गेला. महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन आणि कमांड देण्याविरुद्ध केंद्र सरकारच्या वतीने सांगण्यात आले की जवान बहुतांशी ग्रामीण भागातून, परंपरागत समाजातून येतात आणि महिलेची कमांड मानण्याची त्यांची मानसिक तयारी झालेली नाही. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला आणि तो पुरुषी पूर्वग्रहातून आलेला आहे हे स्पष्ट शब्दांत सुनावले. पण मला त्यात आणखी एक अन्याय दिसतो, तो जवानावरचा. गावाकडच्या पोरांवर सगळे ढकलून दिले गेले. साताऱ्या-सांगलीच्या, कोल्हापूरच्या, नगरच्या ज्या गावांतून पोरे भरती होतात त्या गावांत बाई सरपंच असणे आता नवलाचे राहिलेले नाही. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. गावकरी तिला ‘सरपंच’ म्हणून हाक मारतात. तिच्या सहीचे वजन त्यांना कळते. जवानालाही तारे कळतात. त्याचे शिक्षणच असे असते की माणूस नंतर, हुद्दा आधी. ज्याला ‘सर’ म्हणायचे तिथे एक बाई उभी आहे म्हणून त्याची जीभ अडली नाही. अडचण जवानाला नव्हती. त्याच्या वतीने बोलणाऱ्यांना होती.

महाराष्ट्राच्या भूमीवर याचा एक पुरावा त्या निकालाच्या चार वर्षे आधीच मिळाला होता. मार्च २०१६ मध्ये पुण्यात ‘फोर्स १८’ हा अठरा देशांच्या सैन्यांचा युद्धसराव झाला. भारताच्या चाळीस जणांच्या तुकडीचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांच्याकडे होते. अशा बहुराष्ट्रीय सरावात भारतीय तुकडीची धुरा महिलेकडे असण्याची ती पहिली वेळ. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर त्या आणि विंग कमांडर व्योमिका सिंह देशासमोर माहिती द्यायला उभ्या राहिल्या, तेव्हा घराघरांत लोक त्यांना ‘कर्नल’ आणि ‘विंग कमांडर’ म्हणू लागले. त्या आठवड्यात कुणाला जोडशब्दाची गरज पडली नाही.

पुण्याजवळच्या खडकवासल्याची गोष्ट अधिक खोल जाणारी. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची दारे मुलींना उघडली ती १८ ऑगस्ट २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने. त्याच नोव्हेंबरात मुली परीक्षेला बसल्या, २०२२ मध्ये पहिल्या एकोणीस जणी दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी सतरा जणींनी १४८ व्या तुकडीबरोबर दीक्षांत संचलन केले. ‘कॅडेट’ या शब्दाला लिंग नाही, हे खडकवासल्याच्या पथ्यावर पडले. डेहराडूनचे तसे नव्हते. तिथे १९३२ पासून ‘जेंटलमन कॅडेट’ होते. आता मुली येणार म्हटल्यावर तो शब्द मागे पडला आणि ‘ऑफिसर कॅडेट’ आला. चेन्नईच्या ‘लेडी कॅडेट’साठीही हाच शब्द लागू झाला. मुलींसाठी तिसरे नाव काढण्यापेक्षा दोघांसाठी एक नाव घेतले, हे योग्य झाले. संख्या सांगताना ‘इतके ऑफिसर कॅडेट आणि इतक्या महिला ऑफिसर कॅडेट’ अशी वाटणी बातम्यांत अजून होते; तीही कधीतरी जाईल.

आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्या डेहराडूनच्या अकॅडमीतून बाहेर पडलेली पहिली महिला अधिकारी कोल्हापूर जिल्ह्यातली निघाली: लेफ्टनंट साई जाधव, वय तेवीस, नेमणूक टेरिटोरियल आर्मीत. घरात सैन्याची परंपरा पणजोबांपासूनची. अकॅडमीच्या चेटवुड सभागृहात फील्ड मार्शल चेटवुड यांनी १९३२ च्या उद्घाटनात सांगितलेली तीन कर्तव्ये कोरलेली आहेत. आधी देश, मग हाताखालची माणसे, शेवटी स्वतः. मूळ इंग्रजीत त्या हाताखालच्या माणसांना ‘मेन’ म्हटले आहे. मराठीत ‘माणसे’ म्हटले की प्रश्नच मिटतो. आपल्या भाषेने ही सोय आधीच करून ठेवली आहे, आपण ती वापरावी.

मराठीची अडचण वेगळ्या ठिकाणी आहे, क्रियापदात. ‘मेजर आले’ आणि ‘मेजर आल्या’. हुद्दा तोच, पण वाक्य संपेपर्यंत बाई की पुरुष हे कळतेच. त्याला इलाज नाही आणि मला तो नकोही आहे. भाषेचे व्याकरण आहे तसे राहू दे. पण संचलनाच्या मैदानावर पाहा: सावधान. विश्राम. दाहिने मुड. तेज चल. थम. एकाही हुकमाला लिंग नाही, आणि तिथे हजार माणसे एका पावलावर चालतात. हुकमाइतकेच निर्लेप दुसरे आहे ते अभिवादन. ‘जय हिंद’ हे १९४० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत सुभाषबाबूंबरोबर असलेल्या आबिद हसन यांनी सुचवले. राम राम, सत श्री अकाल, सलाम अशा वेगवेगळ्या अभिवादनांच्या माणसांना एक अभिवादन हवे होते, ही त्यामागची गरज. धर्माची भिंत पाडण्यासाठी काढलेल्या शब्दाने स्त्री-पुरुषांचीही भिंत आपोआप पाडली. झाशी राणी रेजिमेंटच्या मुली आणि आझाद हिंद फौजेच्याच गांधी-नेहरू ब्रिगेडचे जवान एकमेकांना तेच म्हणत होते. आज दहिसरच्या ठाण्यात फोन उचलला जातो तोही ‘जय हिंद’ म्हणतच. त्यापुढे ‘सर’ लावायचे की ‘मॅडम’, हे ठरण्याआधीच आदर पोहोचलेला असतो.

शाळा-कॉलेजातल्या एनसीसीत मात्र एक जुनी खूण अजून आहे. मुलांचा विभाग ‘डिव्हिजन’, मुलींचा ‘विंग’. ज्युनिअर डिव्हिजन आणि ज्युनिअर विंग, सीनिअर डिव्हिजन आणि सीनिअर विंग. एनसीसी १९४८ ची, मुली १९४९ मध्ये आल्या. पट्ट्या मात्र दोघांच्या त्याच: लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट, मग अंडर ऑफिसर. पट्टी एक असताना विभागाचे नाव दोन कशाला?

परदेशात हा विषय हुद्द्याच्या शेवटी असलेल्या ‘मॅन’भोवती फिरला. कॅनडाच्या नौदलाने २०२० मध्ये ‘सीमन’ काढून ‘सेलर’ केले. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सने २०२२ मध्ये ‘एअरमन, एअरवुमन’ऐवजी ‘एव्हिएटर’ स्वीकारले. अमेरिकेच्या नौदलाने २०१६ च्या सप्टेंबरात याच वाटेने जाताना नाविकांची सगळी व्यवसायनामेच रद्द केली, आणि डिसेंबरात ती परत आणावी लागली. नाविकांना राग आला तो समतेचा नव्हता. आयुष्यभर कमावलेली ओळख एका पत्रकाने पुसली गेली याचा होता. बदल करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. अमेरिकेच्याच भूदलात नवशिक्या जवान शिक्षकाला ‘येस, ड्रिल सार्जंट’ म्हणतो, पुरुष असो वा स्त्री. मरीन दलासाठी पिट्सबर्ग विद्यापीठाने केलेल्या अभ्यासात हीच पद्धत घ्यावी, ‘सर-मॅम’ सोडावे, असे सुचवले गेले. हुद्दा काढून टाकू नका, हुद्दाच वापरा, एवढे यातून घेण्यासारखे.

आपल्याकडे ही संधी नौदलापाशी आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनी सिंधुदुर्गात पंतप्रधानांनी जाहीर केले की नौदलातल्या हुद्द्यांना भारतीय परंपरेप्रमाणे नावे दिली जातील. मालवणच्या किनाऱ्यावर, शिवरायांच्या जलदुर्गाच्या साक्षीने हे जाहीर झाले याचा मराठी माणसाला अभिमान वाटणारच. माझी मागणी इतकीच की नवी नावे घडवताना पुल्लिंगी-स्त्रीलिंगी जोड्या करू नयेत. त्याच सुमारास मुंबईच्या लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी यांची आयएनएस त्रिंकटच्या कमांडिंग ऑफिसर म्हणून निवड झाली. नौदलाच्या युद्धनौकेची धुरा प्रथमच महिलेकडे आली. नौदलाची जुनी रीत अशी की खांद्यावरचा हुद्दा कोणताही असो, जहाज ज्याच्या हाती तो त्या जहाजाचा ‘कॅप्टन’. जबाबदारीवरून संबोधन ठरते. ही रीत नव्या नावांतही टिकावी.

स्त्री आणि पुरुष या दोन खणांत न बसणाऱ्यांचा प्रश्न तर याहून कठीण. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारला पोलीस भरतीत तृतीयपंथीयांसाठी नियम करायला लावले आणि अर्जात तिसरा पर्याय आला. त्याआधी २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतलेल्या साबी या नाविकाला नौदलाने सेवेतून कमी केले, कारण नियमांत त्यांच्यासाठी जागा नव्हती. नुसत्या हुद्द्याने हाक मारण्याची सवय दलांना लागली, तर अशा उमेदवाराला हाक मारताना कुणाला विचार करावा लागणार नाही. सेवेत घ्यायचे की नाही, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच. पण निदान जिभेची सबब तरी सांगता येणार नाही.

आमच्या मराठी पत्रकारितेलाही इथे बोलले पाहिजे. बाई लेफ्टनंट झाली की ती अमुक गावची ‘कन्या’ किंवा ‘लेक’ होते, दुसऱ्या ओळीत ‘रणरागिणी’ होते, आणि हुद्दा चौथ्या परिच्छेदात येतो. मुलाखतीत तिला विचारतात: घर कसे सांभाळता? नव्या लेफ्टनंट मुलाला हे कुणी विचारत नाही. माझे म्हणणे साधे आहे. मथळ्यात हुद्दा आणि नाव द्या. गावाचा अभिमान खाली लिहा, तो खराच असतो.

आणि शेवटी पुन्हा त्या बिरुदांपाशी, जी सरकारी समारंभांत खुर्च्यांवर चिकटवलेली असतात: वीरमाता, वीरपिता, वीरपत्नी. २४ मार्च २०१५ च्या रात्री गोव्याच्या किनाऱ्याजवळ नौदलाचे डॉर्निअर विमान समुद्रात कोसळले आणि लेफ्टनंट किरण शेखावत यांचा मृत्यू झाला. कर्तव्यावर प्राण गमावलेल्या त्या नौदलातल्या पहिल्या महिला अधिकारी. त्यांचे पतीही नौदलातच अधिकारी होते. त्यांच्यासाठी खुर्चीवर लावायला आपल्याकडे चिठ्ठी नव्हती, अजून नाही. आता सैन्यदलांत मुलींची संख्या दरवर्षी वाढते आहे. लष्करी पोलीस दलात २०२१ पासून महिला जवान आहेत, अग्निवीर आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी पुढच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘हुतात्म्यांचे कुटुंबीय’ एवढे छापले, तर आई, वडील, पत्नी, पती सगळे त्यात येतात. त्यासाठी ना न्यायालयाचा निकाल लागतो, ना मंत्रिमंडळाचा ठराव. छापखान्यात कागद जाण्याआधी एका कारकुनाने एक ओळ बदलायची असते.